एमएस्सी करून गाळ तुडवायला?

पत्र : ताई, मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. लातूरला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं. सिंधुदुर्गात एका खाडीवर कांदळवन (खाऱ्या पाण्यातलं जंगल, मॅनग्रोव्ह) पुन्हा उभं करण्याचा संशोधन प्रकल्प चालू आहे, तिथं फील्ड टेक्निशियन म्हणून माझी निवड झाली आहे. करार अकरा महिन्यांचा, पगार वीस हजार. अण्णा माळकरी आहेत. ते म्हणतात, ‘आपल्या सात पिढ्यांत कुणाचा समुद्राशी संबंध आला नाही, तुझं तिथं काय काम?’ मामा तर सरळच म्हणाले, ‘एमएस्सी करून गाळ तुडवायला जायलीस का? त्यापेक्षा लातुरात क्लास लाव, परीक्षा दे, नाही तर आलेलं स्थळ बघ.’ मला पोहता येत नाही. समुद्र एकदाच पाहिला, बीएस्सीच्या सहलीत गणपतीपुळ्याला. आणि खरं सांगायचं तर एक शंका मलाही आहे. अकरा महिन्यांनी परत आले, तर आपल्याकडं त्या कांदळवनाचा काय उपयोग? जाऊ की नको? (नाव-गाव छापू नये.)

उत्तर :

लेकी, आधी उत्तर, मग कारणं. जा. फक्त नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी त्या लोकांना काही गोष्टी लेखी विचारायच्या आहेत, त्या पुढं सांगते. आणि ‘निसर्गसेवा’ वगैरे डोक्यात घेऊन जाऊ नकोस. मोजायला शिकायला जा.

मामांचं म्हणणं निम्मं खरं आहे. गाळ तुडवावा लागतो, आणि तो आपल्या काळ्या रानातल्या चिखलासारखा नसतो. मांडीपर्यंत पाय जातो, वर काढताना चप्पल आतच राहते. नोकरीची वेळ दहा ते पाच नसते, ती पाणी ठरवतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून आज पहाटे पाचला निघालेली माणसं पुढच्या आठवड्यात भर दुपारी गाळात उभी असतात. पाणी उतरलं की मध्ये तीन-चार तास मिळतात, त्यात सगळं उरकायचं.

उरकायचं म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण तुझ्या घरी कुणालाच (आणि पत्रावरून वाटतं, तुलाही पुरतं) याची कल्पना नाही. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन नायलॉनच्या दोरीनं आखायचा. त्यातल्या प्रत्येक रोपाला बिल्ला असतो. बिल्ल्याचा नंबर, उंची, पानं, आणि रोप जिवंत की मेलेलं, हे सगळं लिहायचं. मोठं झाड असेल तर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर, खोडाचा घेर घ्यायचा. पण कांदळाला छातीच्या उंचीवर खोडच नसतं. आधारमुळांची कमान असते. तिथं सगळ्यांत वरच्या मुळाच्या ३० सेंटिमीटर वर टेप लावायची. हे न समजता मुळांनाच टेप गुंडाळून आणलेली आकडेवारी कुठल्याही प्रकल्पात सापडते. मग प्लॅस्टिकचा पाइप ठोकून गाळाचा गाभा काढायचा, त्याच्या थराथराच्या चकत्या पिशवीत भरायच्या आणि पिशवीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनंच लिहायचं, कारण शाई पसरते. खारेपणा मोजायला पाण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून डोळ्याला लावायचा आणि निळा-पांढरा रंग जिथं भेटतो तो आकडा वाचायचा. उघड्या समुद्राचं पाणी हजारी ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ) च्या आसपास येतं. खाडीत आत, भर पावसाळ्यात तोच आकडा शून्याजवळ जातो आणि मे महिन्यात पुन्हा चढतो. संध्याकाळी खोलीवर येऊन गाळ भट्टीत वाळवायचा, मग पाचशे अंशांच्या आसपास जाळायचा. आधीचं वजन वजा नंतरचं वजन, यावरून सेंद्रिय भाग किती ते निघतं. कांदळवन साठवून ठेवतं त्या कार्बनबद्दल हल्ली जे बोललं जातं, त्यातला मोठा वाटा झाडात नसून या गाळात असतो. रात्री जेवण झाल्यावर सगळे आकडे एक्सेलमध्ये. हे झालं टेक्निशियनचं काम. शास्त्रज्ञ महिन्यातून एकदा येतात, फोटो काढतात, जातात. (सगळेच असे नसतात. पण असतात.)

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या आकड्यांतला एकच आकडा असा आहे, ज्याच्यावर प्रकल्पाचं नाव, पुढचा निधी आणि वर्तमानपत्रातली बातमी अवलंबून असते. लावलेल्या रोपांपैकी जगली किती? आणि तो आकडा तुझ्या हातात असणार आहे.

खाडीकाठी रोपं लावणं सोपं असतं. कांदळाची बी झाडावरच रुजते, हिरव्या शेंगेसारखी लोंबते. ती तोडून गाळात खोचली की लागवड झाली. एका सकाळी शाळेची पोरं दोन हजार खोचतात, पाहुणे येतात, बॅनर लागतो. मग सहा महिन्यांनी तिथं काठ्या उरतात. फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षं मोठाल्या रकमा खर्चून अशी लागवड झाली आणि दीर्घ मुदतीत जगली ती दहा-वीस टक्के, असं तिथल्याच अभ्यासकांनी २००८ साली लिहून ठेवलं. कारण काय? बहुतेक ठिकाणी जागा चुकली होती. खाजगी मालकीची, वादाची, मत्स्यतळ्यांची जागा सोडून जी मोकळी चिखलवट सापडली तिथं रोपं लावली. पण ती चिखलवट मोकळी होती, कारण दिवसाचे फार तास ती पाण्याखाली असते आणि कांदळवन तिथं मुळातच उगवत नाही. रोप बुडून मेलं.

हे तुझ्या अण्णांना समजावून सांगायला एक मिनिट पुरेल. पाणलोटाचं काम आपल्याकडं माथ्यापासून पायथ्यापर्यंत का करतात? आधी पाण्याला वाट करून द्यायची, मग झाड. जालन्याच्या कडवंचीत नव्वदच्या दशकात माथ्यावर समतल चर पडले, बांधबंदिस्ती झाली, आणि द्राक्षं त्यानंतर आली. खाडीतही तसंच. तामिळनाडूत पिचावरम, मुथुपेटला ओसाड पडलेल्या कांदळवनात स्वामिनाथन फाउंडेशननं आधी माशाच्या काट्यासारखे चर खणले, एक मोठा आणि त्याला तिरके फाटे, म्हणजे भरतीचं पाणी आत येईल आणि साचून न राहता परत जाईल. साचलेलं पाणी उन्हानं आटून जमीन मिठागर झाली होती, तो दोष आधी काढला, मग लागवड. फ्लोरिडातले कांदळवनाचे अभ्यासक रॉबिन लुइस यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की, पाण्याची ये-जा पूर्ववत करा, जवळपास बी येण्याइतकी झाडं असतील तर लावायचीसुद्धा गरज पडत नाही. तू ज्या जिल्ह्यातून चालली आहेस तिथं २०१६ साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. पाणी जास्त वेळ थांबल्यानं झाड मरतं, हे बघायला तुला थोडा वेळ लागेल. पण ‘आधी पाणी, मग झाड’ हे तुला कुणी शिकवायची गरज नाही, आणि तिथं येणाऱ्या शहरी पोरांच्या तुलनेत ही तुझी मोठी पुंजी आहे.

म्हणून मोजणीकडं परत येते. तू रोपं मोजशील तेव्हा तीन रकाने ठेव : जिवंत, मेलेलं, सापडत नाही. शेवटचे दोन कधीच एकत्र करू नकोस. उभं वाळलेलं रोप एक गोष्ट सांगतं आणि गायब झालेलं दुसरी. ते लाटेनं उपटलं असेल, खेकड्यानं कुरतडलं असेल, गाळाखाली गाडलं गेलं असेल. मेलेल्याच्या पुढं कारण लिही. खोडावर पांढऱ्या कवचाचे बार्नॅकल चिकटले होते का, शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली होती का, जनावरांनी शेंडा खाल्ला का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नांग्या. आपण कापसात नांग्या भरतो तसं तिथंही मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावतात. त्यात गैर काही नाही. पण नांग्या भरलेली रोपं जुन्या नंबरावर मोजली, की कागदावर नव्वद टक्के जगल्याचं दिसतं आणि खाडीत मात्र निम्मी मेलेली असतात. नव्या रोपाला नवा बिल्ला, नवी तारीख. यावर अडून बस.

कुणी तुला ‘खोटं लिही’ असं सांगणार नाही. सांगतील ते असं : ‘अगं, हा प्लॉट जरा वेगळा आहे, तो अहवालात नको घ्यायला,’ किंवा ‘हे सापडत नाहीत ना, मग मेलीच कशावरून?’ तेव्हा भांडायला जाऊ नकोस. तुझ्या फील्डवहीत, त्याच दिवशी, पेन्सिलीनं, तारखेसह जे पाहिलं ते लिहिलेलं असू दे. प्रत्येक प्लॉटचा एकाच कोपऱ्यातून, एकाच दिशेनं दर वेळी फोटो काढ. वही प्रकल्पाची असते, ती द्यावी लागेल. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो प्रकल्पप्रमुखांना त्याच संध्याकाळी ईमेलनं पाठवत जा, कामाचा भाग म्हणून, गाजावाजा न करता. जो टेक्निशियन हे करतो, त्याच्या आकड्यांना हात लावायला लोक कचरतात.

आता सहीआधी काय विचारायचं. पगार दर महिन्याला येतो की निधी आला की? संशोधन प्रकल्पात पैसा हप्त्यानं येतो, आणि हप्ता लांबला की सगळ्यांत आधी थांबतो तो कंत्राटी माणसाचा पगार. म्हणून उत्तर काहीही आलं तरी तीन महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे गाठीशी ठेवूनच निघ, पगारावर भरवसा ठेवून नको. घरभाडं भत्ता वीस हजारांत धरलाय की वेगळा, तेही विचार. अपघात विमा आहे का? होडीत लाइफ जॅकेट आहेत का, आणि किती? गाळात कधीही एकट्यानं उतरायचं नाही असा नियम आहे का? उत्तर ‘आमच्याकडं काही होत नाही’ असं आलं, तर तो नियम नाही असं समज. अकरा महिन्यांनी मुदतवाढ कशावर ठरते? अनुभव प्रमाणपत्रावर पदाचं नाव काय लिहिणार? शेवटचं विशेष लक्षात ठेव. एमएस्सी झालेल्या मुलीला ‘फील्ड वर्कर’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं, तर पुढं प्रत्येक मुलाखतीत तेच समजावत बसावं लागतं. त्याच प्रकल्पात ‘प्रोजेक्ट असोसिएट’ची जागा आहे का आणि तुझी पात्रता बसते का, हेही विचार. विचारायला पैसे पडत नाहीत.

पगाराचा मुद्दा मामांच्या हाती लागला नाही म्हणून बरं, नाही तर तोच सगळ्यांत पक्का होता. वीस हजार कमी आहेत. नेट-जेआरएफ (संशोधनवृत्तीची परीक्षा) झालेल्या मुलाला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, वर घरभाडं. तुझ्याच वयाची, तुझ्याच पदवीची पोरं. हा फरक फक्त परीक्षेचा आहे, आणि ती परीक्षा तू या अकरा महिन्यांत देऊ शकतेस. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी फार चढत-उतरत नाही तेव्हा, फील्ड कमी असतं. पावसाळ्यात तर कित्येक दिवस होडीच निघत नाही. लातुरात क्लास लावून अभ्यास करण्यापेक्षा तिथं वेळ कमी मिळेल, हे मान्य. पण पर्यावरण-परिसंस्थेचा भाग तू रोज डोळ्यांनी बघणार आहेस, आणि क्लासमध्ये तो अजूनही पाठ करायला लावतात.

अण्णांच्या बाबतीत मात्र तुला माझ्यापेक्षा चांगलं वकीलपत्र मिळालंय, कारण ते एकादशी करतात. कोकणातले जुने कोळी भरतीची वेळ घड्याळाशिवाय काढतात. तिथीची पाऊणपट करायची. एकादशी म्हणजे अकरा, अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अमावास्येलाही तेवढीच, कारण पंधरवडा पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे एकादशीला दुपारी सव्वादोनच्या सुमारास खाडीचा तळ उघडा पडतो आणि तुला बाराच्या पुढं गाळात उतरता येतं. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही, इकडंतिकडं होतो, आणि खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. कामासाठी वेळ छापील कोष्टकातूनच घ्यायची, भारतीय सर्वेक्षण विभाग ती दरवर्षी काढतो. पण अण्णांना कोष्टक दाखवू नकोस, हे गणित घाल. ज्या माणसाची तिथी कधी चुकली नाही, त्याला समुद्र कळत नाही असं कसं म्हणायचं? आणि सात पिढ्यांचं म्हणाल तर मासेमारी-शास्त्राचं सरकारी महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात उदगीरला आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर. तिथं शिकलेली आपली पोरं किनाऱ्यावर नोकऱ्या करतात.

माळेचा प्रश्न अण्णांनी उघड विचारला नसेल, पण मनात असणार. मालवणी घरात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, घावन, सोलकढी, तांदळाची भाकरी. ज्वारीची भाकरी मात्र विसर. पीठ नेलंस तरी दमट हवेत महिन्याभरात वास मारायला लागेल. होडीत, प्रयोगशाळेत मासे-खेकडे हाताळावे लागतात, हे त्यांना आधीच सांगून टाक. नंतर कळलं तर जास्त दुखेल.

पोहण्याबद्दल. हे काम न पोहणारी माणसंही करतात, कारण काम ओहोटीला असतं. पण होडीतून येणं-जाणं असतं, म्हणून निघण्याआधी महिनाभर लातुरात तलाव लाव. पट्टीची पोहणारी होशील असं नाही, पाण्यात घाबरून हातपाय मारायचे नाहीत एवढं जमलं तरी पुरे. गाळाचं तंत्र वेगळं आहे. रुतलीस तर उभं राहून पाय ओढू नकोस, जितकी ओढशील तितकी आत जाशील. मागं टेक, बसल्यासारखी हो, वजन पसरू दे आणि पाय टाचेकडून हळूहळू सोडव. सोबत फळी असावी. कालवांची शिंपली ब्लेडसारखी कापतात, आणि पायाला जखम असताना गाळात उतरायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे (दूषित पाण्यातून, जखमेवाटे होणाऱ्या तापाचे) रुग्ण निघतात. ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य ‘मी खाडीत काम करते’ हेच सांगायचं. गेवा नावाचं झाड ओळखायला पहिल्या दिवशी शिकून घे. त्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

आणि एक गोष्ट, जी तुला तुझे प्रकल्पप्रमुख बहुधा सांगणार नाहीत, कारण ते बहुधा पुरुष असतील. चार-पाच तास गाळात किंवा होडीत आडोसा नसतो. मुली पाणीच पीत नाहीत, मग उन्हाळ्यात चक्कर येते, पुढं लघवीचे विकार. फील्डवर जायच्या-यायच्या वाटेवर कुणाचं घर आहे, तिथं जाता येईल का, हे पहिल्याच आठवड्यात तिथल्या बायकांना विचार. खाडीत कालवं, तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायका वर्षानुवर्षं हा प्रश्न सोडवत आल्या आहेत. पाळीच्या दिवसांत काठावरची कामं, नर्सरी, भट्टी, एक्सेल मागून घे, लाजू नकोस. गाळ बदलता येत नाही, पण कामाचं वेळापत्रक बदलता येतं.

त्या बायकांशी मैत्री आणखी एका कारणासाठी हवी. तिवर, चिपी, कांदळ, काजळा, मारांडी ही नावं तू पुस्तकात लॅटिनमध्ये वाचलीस, त्या ती झाडं पानावरून, लाकडावरून, त्याखाली कोणता मासा मिळतो त्यावरून ओळखतात. चिपीला तर राज्यानं २०२० साली राज्य कांदळवन वृक्ष केलं. तिवराचं पान उलटून बघ, मिठाचे कण हाताला लागतात. आणि जुन्या खारजमिनींच्या शेतकऱ्यांकडंही जाऊन बस. पूर्वी खाडीला बांध घालून आत भातशेती व्हायची. बांध फुटले, दुरुस्त झाले नाहीत, खारं पाणी आत आलं, कांदळ उगवला. २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो तोडता येत नाही. शेतकऱ्याला सातबारावर आपलं नाव दिसतं आणि रानात जंगल. तुझा प्रकल्प त्याच्यासाठी आनंदाची बातमी असेलच असं नाही. शेतकऱ्याची पोर म्हणून तू त्याचं म्हणणं ऐकून घेशील, आणि तेवढ्यावरच पुष्कळ वेळा प्लॉटचे खांब जागेवर राहतात. रात्रीत उपटलेले खांब कुठल्या अहवालात येत नाहीत, पण उपटले जातात.

परत आल्यावर काय, हा तुझा स्वतःचा प्रश्न. त्यात तू थोडी घाबरली आहेस म्हणून तो मोठा दिसतोय. राज्याचा किनारा जुन्या मोजणीनं ७२० किलोमीटर, कांदळवन २०२१च्या वन सर्वेक्षणात ३२४ चौरस किलोमीटर, आणि त्यासाठी वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कांदळवन लागवडीची ‘मिष्टी’ योजना आली. म्हणजे त्या बाजूला काम आहे. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईत किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र, दोन्हीकडं प्रकल्पांवर माणसं घेतात. पण समज, तुला मराठवाड्यातच राहायचंय. खारेपणा मोजणं इथं लागत नाही का? जायकवाडीच्या कालव्याखाली पाणी देऊन देऊन काळी रानं खारवट आणि चोपण झाली, माती परीक्षणाच्या अहवालात पहिले दोन आकडे सामू आणि क्षारतेचेच असतात. पाणलोटाच्या प्रत्येक कामात झाडं लावतात, आणि तीन वर्षांनी त्यातली किती उरली हे कुणीही धडपणे मोजत नाही. शेतबांधावरच्या झाडांच्या कार्बनचे पैसे शेतकऱ्याला मिळवून देतो म्हणणाऱ्या कंपन्या आता आपल्याकडंही फिरतायत, त्यांना घेर मोजणारी, प्लॉट आखणारी, खोटं न लिहिणारी माणसं लागतात. आणि शेतकऱ्याच्या बाजूनं त्यांची मोजणी तपासणारी तर त्याहून जास्त. वनसेवेची परीक्षा दिलीस तर या अनुभवाला गुण मिळत नाहीत, एवढं मात्र स्पष्ट लक्षात ठेव. मामांना तेही प्रामाणिकपणे सांग.

स्थळाचं मी काही लिहीत नाही. अकरा महिने थांबायला जे तयार नाहीत, ते पुढं तुझ्या कुठल्याच गोष्टीसाठी थांबणार नाहीत, आणि हे तुझ्या आईला माझ्याआधी कळलेलं असणार. तिचं मत तू पत्रात लिहिलंच नाहीस. विचारलंस का?

प्रश्नांचा ईमेल आज रात्रीच पाठव, साध्या मराठीत, पाच-सहा ओळींत. उत्तर फोनवर आलं तर ‘तेवढं मेलवर टाकाल का’ असं म्हण. जायला लातूरहून सोलापूर-कोल्हापूर, पुढं फोंडा किंवा करूळ घाट. पहिल्या वेळी अण्णांना सोबत ने, खोली आणि खाडी दोन्ही त्यांना बघू दे. धनुर्वाताचं इंजेक्शन इथूनच घेऊन निघ. टोपी, पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, पेन्सिली, बारीक दोरी घे. गमबूट मात्र घेऊ नकोस. खोल गाळात ते आतच राहतात आणि तू अनवाणी वर येतेस. तिथली माणसं काय घालतात ते बघ आणि मग तिथल्याच बाजारात घे.